बिनपगारी झॉम्बींची फिल्म: सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय झालं

फिल्म लॉक झाली, फायनल फाइल गेली, आता जरा डोकं मोकळं झालंय म्हणून हे लिहायला घेतलंय. झॉम्बी शॉर्टफिल्म आहे, बावीस मिनिटांची, आणि एकाही माणसाला पगार नाही. सुरू करायच्या आधी कोणीतरी असं काहीतरी सविस्तर लिहिलेलं मी खूप शोधलं, पण जे मिळालं ते सगळं कॅमेरा कुठला घ्यावा आणि लेन्स कुठली घ्यावी यावर. अहो, कॅमेऱ्याचा प्रश्न एका संध्याकाळीत सुटतो. ज्या माणसाला तुम्ही एक पैसा देत नाही त्याला रविवारी पहाटे उठवायचं, तोंडाला लेटेक्स, म्हणजे मेकअपचं पातळ रबर, फासायचं, तीन तास नुसतं बसवून ठेवायचं आणि तरी तो पुढच्या रविवारी आनंदाने परत आला पाहिजे, हे कसं जमवायचं ते कोणी सांगत नाही. आम्ही जसं जमवलं तसं क्रमाने लिहिते.

ऑगस्टमध्ये स्क्रिप्टचा पहिला ड्राफ्ट झाला. झॉम्बीच का, तर साधा हिशोब: झॉम्बीला डायलॉग नसतात, त्यामुळे सेटवर त्याचा आवाज रेकॉर्ड करावा लागत नाही, अभिनय येत नसला तरी चालतं, आणि चेहरा मेकअपखाली असल्यामुळे एकच माणूस सकाळी मारला तर दुपारी दुसरा शर्ट घालून परत येऊ शकतो. या प्रकाराला स्वस्ताईची परंपराच आहे. जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'मध्ये रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं होतं, ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे खपून गेलं. पीटर जॅक्सनने 'बॅड टेस्ट' मित्रांना घेऊन शनिवार-रविवार शूट करत चार वर्षं काढली आणि त्यातले मुखवटे आईच्या ओव्हनमध्ये भाजले. हे वाचून मला धीर आला होता, चार वर्षं हा भाग मात्र मी टीमला सांगितला नाही.

पहिला ड्राफ्ट मस्त होता आणि शूट करण्यासारखा अजिबात नव्हता. रात्रीची गर्दी, पळापळ, जळणारी गाडी वगैरे वगैरे. मग असिस्टंट डायरेक्टर मैत्रिणीला घेऊन बसले. तिने प्रत्येक सीनसमोर तीनच गोष्टी लिहायला लावल्या: माणसं किती, उजेड कुठला, रक्त आहे की नाही. गाडी तिथेच गेली. रात्रीचे सीन बहुतेक सगळे संधिप्रकाशात किंवा खिडक्या काळ्या कापडाने झाकून आतमध्ये घेतले, कारण रात्रभर शूट केलं की फुकट येणारा माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या नोकरीवर झोपतो आणि पुढच्या आठवड्यात त्याचा फोन लागत नाही. गर्दीचा सीन एकच ठेवला. आणि रक्ताचा कॉलम सगळ्यात कामाचा निघाला: एकदा शर्ट रक्ताने भरला की तो परत स्वच्छ होत नाही, म्हणजे त्या पात्राचे स्वच्छ शर्टातले सगळे सीन आधी संपवायचे नाहीतर तसाच दुसरा शर्ट घेऊन ठेवायचा. आम्ही हिरोसाठी एकसारखे तीन घेतले आणि तिन्ही लागले.

शेड्यूल लावताना स्क्रिप्टच्या पानाचे आठ भाग धरतात, म्हणजे सीन 'तीन अष्टमांश पान' असा मोजायचा. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट हा ठोकताळा बोलण्याच्या सीनला ठीक आहे पण झॉम्बीला लागू पडत नाही. 'झॉम्बी दार फोडून आत येतात' ही एक ओळ आहे, पानाचा आठवा भागसुद्धा नाही, आणि तिने आमचा अख्खा दिवस खाल्ला. मारामारी, मेकअप बदलणं, काहीही तुटणं असेल तिथे अंदाजाच्या तिप्पट वेळ लिहा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर परवानग्यांमध्ये गेले. लोकेशन म्हणजे एक बंद गोदाम आणि त्याच्या बाजूची गल्ली. गोदामाचे मालक भले माणूस, तोंडी हो म्हणाले, पण तोंडी 'हो'वर जाऊ नका. एक पानी लोकेशन करार करा: कुठल्या तारखा, किती ते किती वाजेपर्यंत, वीज कोणाची, नुकसान झालं तर कोण भरणार, आणि तिथे चित्रित झालेलं फिल्ममध्ये कायम वापरायचा हक्क. हे शेवटचं वाक्य नसेल तर फिल्म तयार झाल्यावर कोणी हरकत घेतली की बसा बोंबलत. मालकांनी वाचून एकच विचारलं, "भिंतींचे डाग निघतात ना?" मग करारात 'बनावट रक्त भिंतीला लागणार नाही, प्लास्टिक लावलं जाईल' अशी ओळ घातली आणि खरोखरच सगळीकडे प्लास्टिक लावलं.

गल्ली सार्वजनिक, त्यामुळे तिची परवानगी स्थानिक प्रशासनाकडून आणि एक पत्र पोलिसांना. अर्जासोबत कथेचा सारांश, क्रूची यादी, गाड्यांचे नंबर, हाताने काढलेला नकाशा आणि अपघात झाला तर तिसऱ्या माणसाची भरपाई देणारा विमा मागितला. विमा काही दिवसांपुरता मिळतो, चौकशी केल्याशिवाय कोणी सांगत नाही. अर्ज एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला, तिथून सही राहिली म्हणून परत आला, मग ज्यांची सही हवी ते रजेवर. या वाटेत चिडून काही होत नाही. दर दोन-तीन दिवसांनी जाऊन नम्रपणे विचारायचं, जी व्यक्ती बोलेल तिचं पद आणि तारीख वहीत लिहायची, पुढच्या वेळी "मागच्या मंगळवारी असं सांगितलं होतं" म्हणता येतं. महिनाभर धरून चाला, आम्हाला थोडं जास्तच लागलं.

सारांशात 'झॉम्बी' लिहावं की नाही यावर आमच्यात चर्चा झाली, काहींचं म्हणणं की 'सामाजिक विषयावरचा लघुपट' लिहून मोकळं व्हावं. मी ठाम होते की सगळं सरळ लिहायचं: विद्रूप मेकअप केलेले कलाकार, बनावट रक्त, लाकडी दांडके, फोमची कुऱ्हाड, आरडाओरडा होईल. याचा फायदा शूटिंगच्या तिसऱ्याच दिवशी कळला. गल्लीच्या टोकाला कोणीतरी रक्ताने माखलेला माणूस लंगडत जाताना पाहिला आणि फोन केला, पोलिसांची गाडी आली. प्रॉडक्शन सांभाळणाऱ्या दादाने शिक्का मारलेली पोच पुढे केली, त्यात शब्दन् शब्द तेच लिहिलेलं, दहा मिनिटांत विषय संपला. जाताना त्यातल्या एका साहेबांनी झॉम्बीसोबत फोटो काढला. पोचेची झेरॉक्स सेटवर दोघातिघांच्या खिशात हवी, नेमकी फाइल ज्याच्याकडे असते तो सामान आणायला गेलेला असतो. आणि आजूबाजूच्या प्रत्येक दारावर आदल्या दिवशी चिठ्ठी टाका, तारीख, वेळ आणि एका माणसाचा फोन नंबर लिहून. चिठ्ठी मिळालेला माणूस तक्रार करण्याऐवजी बघायला येतो.

बंदुका आम्ही ठेवल्याच नाहीत. २१ ऑक्टोबर २०२१ ला न्यू मेक्सिकोत 'रस्ट' फिल्मच्या सेटवर प्रॉप म्हणून वापरलेल्या बंदुकीतून खरी गोळी सुटली आणि सिनेमॅटोग्राफर हलिना हचिन्स गेली, तेही पगारी, अनुभवी लोकांच्या सेटवर. आमच्याकडे तर शस्त्र सांभाळणारा माणूसच नव्हता. कथेत बंदूक होती तिथे दांडकं आलं आणि सीन उलट बरा झाला, जवळ जावं लागतं ना.

आता माणसं. नोव्हेंबरच्या शेवटी आवाहन टाकलं. 'हौशी कलाकार हवेत, मजा येईल' असं लिहिलं की शंभर जण हो म्हणतात आणि दहा येतात. आम्ही सगळं लिहिलं: पैसे नाहीत, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च मिळेल, या या तारखा, सकाळी इतक्याला हजर, संध्याकाळी सहाला सुट्टी म्हणजे सहालाच, मेकअपला तास-दीड तास, बहुतेक वेळ बसून राहावं लागेल, कपडे खराब होतील. हे वाचून निम्मे गळाले, ते गळलेलेच बरे. जे उरले त्यातले एक तृतीयांश त्या दिवशी येणार नाहीत असं धरून जास्तीचे बोलवा. हे फक्त झॉम्बींसाठी. कॅमेरा, साउंड, मेकअप, असिस्टंट डायरेक्टर आणि प्रॉडक्शन या पाच जागांवर असला जुगार नको, तिथे आधी छोटं काहीतरी सोबत केलेली माणसंच घ्या. डायरेक्टरने स्वतः असिस्टंट डायरेक्टरचं काम करू नये हे तर लिहूनच ठेवा, घड्याळ बघणारा आणि अजून एक टेक मागणारा माणूस एकच असला तर घड्याळ हरतं.

प्रत्येकाकडून पहिल्याच दिवशी मेकअपला बसायच्या आधी रिलीज फॉर्मवर, म्हणजे आपलं चित्रण फिल्ममध्ये वापरायला संमती देणाऱ्या कागदावर, सही घ्यायची. मागून दोन सेकंद दिसणाऱ्या झॉम्बीकडूनसुद्धा. अठराच्या आतला असेल तर पालकांची सही आणि पालक सेटवर. फॉर्ममध्ये नाव क्रेडिटमध्ये कसं हवं याचा रकाना ठेवा, त्याच्याच अक्षरात. पैसे देत नाही तर निदान नाव तरी बरोबर लिहावं माणसाचं. ॲलर्जीचाही रकाना त्याच फॉर्मवर.

खर्चाचं विचाराल तर एकूण रकमेतला जवळजवळ निम्मा हिस्सा जेवण आणि प्रवासावर गेला. मग लाइट भाड्याने, मग मेकअपचं सामान, मग विमा आणि फिया. कॅमेरा मित्राचा होता. लोकांना हे उलटं वाटतं पण मी परत केलं तरी असंच करीन. गरम जेवण वेळेवर, चहा सतत, आणि डायरेक्टरने शेवटी जेवायचं. उपाशी झॉम्बी फक्त पडद्यावर बरा.

डिसेंबर मेकअपच्या टेस्टमध्ये गेला आणि हा भाग मी सविस्तर लिहिणार आहे कारण यातच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. मेकअप करणारी आमची मैत्रीण, तिने आधी लग्नाचे मेकअप केलेले, जखमा कधीच नाही. लिक्विड लेटेक्स आणलं. पहिला नियम, चोवीस तास आधी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून पॅच टेस्ट. फुग्यांनी किंवा रबरी हातमोज्यांनी खाज येते का हे आधी विचारायचं, येत असेल तर त्याला लेटेक्स लावायचंच नाही. दोघांना लाल चट्टे आले, त्यांच्या जखमा जिलेटिनच्या केल्या. जिलेटिन कोमट असतानाच लावायचं, आधी स्वतःच्या मनगटावर बघून, आणि ते गरम लाइटखाली वितळतं, म्हणून त्या दोघांचे शॉट आधी उरकायचे.

जखम बनवायची पद्धत अशी. लेटेक्सचा पातळ हात, त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर, कात्रीने कापलेला नाही तर हाताने फाडलेला, कारण कापलेली कड कॅमेऱ्यात सरळ रेष म्हणून दिसते. मग परत लेटेक्स, ड्रायर थंड हवेवर ठेवून वाळवायचं, असे तीन-चार थर. वाळल्यावर कडांना फाउंडेशन लावून त्वचेत मिसळायचं, मग मध्ये चिमटीत धरून फाडायचं. ते फाटताना जो आवाज येतो ना, चर्रर्र असा, पहिल्यांदा ऐकला तेव्हा ज्याच्या गालावर होता तोच दचकला. आत गडद तपकिरी-जांभळा रंग आणि सगळ्यात शेवटी रक्त. भुवया आणि दाढीच्या केसांवर आधी व्हॅसलीन, नाहीतर काढताना भुवई सोबत येते. काढताना ओढायचं नाही, कोमट पाणी आणि तेल लावून कडेपासून हळूहळू. लेटेक्सला अमोनियाचा वास असतो, खिडक्या उघड्या ठेवा. पांढऱ्या डोळ्यांच्या लेन्स सगळ्यांना हव्या होत्या, मी नाही म्हटलं. डोळ्यांच्या डॉक्टरने मापून दिल्याशिवाय आणि लावणारा हात स्वच्छ असल्याशिवाय असली लेन्स घालायची नाही, आणि धुळीच्या गोदामात तर नाहीच. डोळ्याखाली आणि पापण्यांच्या कडेला लालसर-तपकिरी रंग भरला की माणूस पुरेसा मेलेला दिसतो.

रक्त घरीच केलं. साखरेचा घट्ट पाक, खायचा लाल रंग, निळ्या रंगाचा अगदी थेंब, आणि कोको पावडर. कोको नसेल तर ते पारदर्शक सरबत दिसतं. ज्या लाइटखाली शूट करणार त्याच लाइटखाली कॅमेऱ्यातून बघा, पिवळ्या बल्बखाली आमचं पहिलं रक्त चक्क नारिंगी दिसत होतं. कपड्यांवरच्या रक्तात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब घातले की डाग सुटायला मदत होते, पण मग ते तोंडात घालायचं नाही, म्हणून दोन बाटल्या, एकीवर मोठ्या अक्षरात 'तोंडाचं' आणि दुसरीवर 'कपड्याचं'. आणि मुंग्या! याबद्दल मात्र कुठेच वाचलं नव्हतं. मेलेला झॉम्बी जमिनीवर पडून होता, आम्ही लाइट हलवत होतो, आणि तो ओठ न हलवता म्हणतोय, "लवकर करा, मुंग्या कानात चालल्यात". त्यानंतर जमिनीवर पडायच्या जागी पाक नसलेलं, नुसतं रंग आणि ग्लिसरिनचं रक्त वापरलं.

एवढा मेकअप सगळ्यांना केला तर दिवस तिथेच संपतो. म्हणून तीन वर्ग केले. पुढचे चार-पाच, ज्यांचा क्लोजअप येणार, त्यांना पूर्ण जखमा, प्रत्येकी दीड तास. मधल्या रांगेला नुसता रंग आणि रक्त, पंधरा मिनिटं. मागच्या रांगेला चेहऱ्यावर राखाडी पावडर, केस विस्कटलेले आणि पाठीमागून लाइट, पाच मिनिटांत माणूस तयार. ज्यांना मेकअपला आधी बोलवाल त्यांनाच आधी शूट करा, यात उलटापालट झाली की ज्याच्या तोंडाला सकाळी सातला लेटेक्स लागलंय तो दुपारी चारपर्यंत हसू शकत नाही आणि मग तो माणूसच राहत नाही. कपडे सगळ्यांनी घरून जुने आणले, ते चहाच्या पाण्यात बुडवून आणि सँडपेपरने घासून मळवले.

चालण्याची रिहर्सल नक्की घ्या. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात झॉम्बी म्हणजे हात पुढे करून चालणारा, आणि तीस जण तसे चालायला लागले की भीती वगैरे काही वाटत नाही, झोपेत चालणाऱ्यांची सहल दिसते. आम्ही सांगितलं, प्रत्येकाने आपला एकच सांधा निवडायचा जो चालत नाही, कोणी घोटा, कोणी मान, कोणी खांदा, आणि बाकी शरीराने तो ओढत न्यायचा. एका अर्ध्या तासात सगळे वेगवेगळे दिसायला लागले. एक काका, निवृत्त झालेले, त्यांनी कंबर निवडली आणि म्हणाले, "मला अभिनय करायला नको, ती खरीच चालत नाही." सगळ्यात भारी झॉम्बी तेच झाले, आणि त्यांना बसायला खुर्ची कायम राखीव होती.

जानेवारीच्या पहिल्या शनिवारी शूट सुरू झालं, मग फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत शनिवार-रविवार. कॉलशीट आदल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत प्रत्येकाच्या फोनवर: कोणी किती वाजता, कुठे, पार्किंग, जवळचं हॉस्पिटल, जेवणाची वेळ. दिवसाला दहा तासांवर जायचं नाही हे ठरवलं होतं आणि पाळलं, दोनदा सीन अर्धा सोडून पॅकअप केलं. तेव्हा पोटात गोळा आला होता खरं सांगायचं तर. पण दुसऱ्या दिवशी सगळे वेळेवर आले होते.

एक नियम पहिल्याच दिवशी केला आणि तो प्रत्येकाने करावा असं मला वाटतं. सेटवर सगळेच रक्ताने माखलेले, सगळेच विव्हळतायत, मग खरंच कोणाला लागलं तर कळणार कसं? म्हणून ठरवलं की कोणीही 'लाल लाल' असं दोनदा ओरडलं की कॅमेरा बंद, सगळे जागच्या जागी. दार फोडायच्या सीनला एक जण खरंच पडला, गुडघा फुटला, आणि शेजारचे दोन झॉम्बी मस्त जीव तोडून गुरगुरत त्याच्यावरून जायच्या बेतात होते. त्याने ओरडल्याबरोबर सगळं थांबलं. प्रथमोपचार पेटी मेकअपच्या टेबलापासून लांब ठेवा, नाहीतर तिच्यातला कापूस जखमा बनवायला जातो.

ओसाड गल्ली हवी होती ती पहाटे घेतली. ही युक्ती जुनीच आहे, '२८ डेज लेटर'मधलं ओसाड लंडन असंच पहाटे, काही काही मिनिटांपुरती वाहतूक थांबवून चित्रित केलं होतं, आणि त्या फिल्मचा बराचसा भाग साध्या डिजिटल कॅमकॉर्डरवर आहे. आम्हाला पहिला स्कूटरवाला येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं मिळायची, म्हणून आदल्या संध्याकाळी त्याच जागी मोबाइलवर सगळे शॉट घेऊन पाहिले होते.

तांत्रिक गोष्टी पटकन सांगते. सेकंदाला चोवीस फ्रेमवर शूट केलं कारण थिएटरच्या फाइलला तेच सगळ्यात सुरक्षित. वीज ५० हर्ट्झची असेल तर शटर १/५०, ६० ची असेल तर १/६०, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी फडफडतात. प्रत्येक जागेचा रिकामा आवाज अर्धा मिनिट रेकॉर्ड करा, सगळ्यांना गप्प उभं करून, एडिटिंगमध्ये दोन डायलॉगमधली फट भरायला तोच लागतो. प्रत्येक कटनंतर मेकअप आणि कपड्यांचे फोटो, सीन नंबरच्या पाटीसकट. रक्ताचा ओघळ कुठल्या गालावर होता हे तासाभराने कोणालाच आठवत नाही. कार्डवरचं फुटेज दोन वेगळ्या हार्डडिस्कवर जाऊन उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही, आणि त्या दोन डिस्क एकाच गाडीत घरी न्यायच्या नाहीत.

फेब्रुवारीच्या मध्यावर आमचा हिरो गुळगुळीत दाढी करून आला. नवीन नोकरी लागली होती, पहिल्याच दिवशी तसं जावं लागलं. त्याचे दाढीतले अर्धे सीन झालेले. त्याच्यावर चिडायचा हक्क मला नव्हता, नोकरी त्याला पगार देत होती. खोटी दाढी लावून पाहिली, ती खोटी दिसली. शेवटी जेवणाच्या सुट्टीत तिघं बसून कथा बदलली: हिरोला दहा पानं आधीच चावा बसतो, जबड्यावर भली मोठी जखम येते, दाढी कुठे गेली हा प्रश्नच मिटतो, आणि उरलेली फिल्म त्याची बहीण झालेली मुलगी ओढून नेते. ती मुलगी मुळात दोन सीनसाठी आली होती. तिला विचारलं, तिने कॅलेंडर बघितलं, म्हणाली, "ताई, दोन रविवार देऊ शकते, तिसरा नाही." मग दोनमध्ये बसवलं.

मार्चमध्ये एक दिवस सुटे शॉट घेतले, हात, पाय, दाराची कडी, जमिनीवर ओढलं जाणारं पाऊल. यासाठी मोजून चार माणसं लागतात आणि एडिटिंगमधले निम्मे खड्डे यानेच बुजतात. आधी रफ कट, म्हणजे एडिटची पहिली कच्ची जुळणी, करा, मग हा दिवस ठेवा.

एप्रिल ते जून एडिट. यावर फार लिहिण्यासारखं नाही, मी आणि एडिटर आणि भांडणं. एवढंच की झॉम्बी जितका कमी दिसला तितका बरा दिसला, ज्या शॉटसाठी सगळ्यात जास्त मेहनत घेतली ते बरेचसे एक सेकंदाचे झाले. ज्यांचे शॉट पूर्ण कापले गेले त्यांना मी फिल्म दाखवायच्या आधी स्वतः फोन केला. पडद्यावर शोधत बसू नये कोणी स्वतःला.

जुलैमध्ये साउंड. हाडं मोडण्याचा आवाज म्हणजे सेलरी नावाच्या भाजीच्या कांड्या पिळून मोडायच्या, मांस फाडणं म्हणजे ओला नॅपकिन आणि सोललेलं संत्रं. गुरगुरणं त्याच झॉम्बींना बोलावून एका खोलीत गाद्या लावून रेकॉर्ड केलं, पंधरा मिनिटांच्या वर नाही, कारण घसा बसतो, कोमट पाणी ठेवा. श्वास आत घेताना काढलेला आवाज बाहेर सोडतानाच्या आवाजापेक्षा कितीतरी भयंकर वाटतो, करून बघा.

संगीतात सावध राहा. एखादं गाणं वापरायचं तर दोन वेगळे हक्क लागतात, एक रचनेचा आणि एक त्या रेकॉर्डिंगचा, आणि ते बहुधा दोन वेगळ्या लोकांकडे असतात. फुकट मिळणाऱ्या ट्रॅकवर 'व्यावसायिक वापर नाही' अशी अट असेल तर उद्या कोणी फिल्म विकत घ्यायला आलं तरी अडकाल. आम्ही एका मित्राकडून करून घेतलं आणि मित्र असूनही लेखी करार केला. कागदांची किंमत काय असते ते रोमेरोच्या फिल्मवरूनच बघा: वितरकाने ऐनवेळी नाव बदललं, नव्या टायटल कार्डवर कॉपीराइटची ओळ राहून गेली, आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्याप्रमाणे ती फिल्म थेट सार्वजनिक मालकीची झाली. आमच्या शेवटच्या कार्डावरची वर्ष आणि मालकीची ओळ असिस्टंट डायरेक्टरने तीनदा वाचली.

ऑगस्टमध्ये सबटायटल आणि डीसीपी, म्हणजे थिएटरच्या प्रोजेक्टरवर चालते ती फाइल. डीसीपी घरच्या लॅपटॉपवर फुकटच्या सॉफ्टवेअरनेही बनते, पण एकदा तरी खऱ्या थिएटरमध्ये लावून बघा, अंधारे सीन तिथे अजून अंधारे होतात. आम्हाला एका थिएटरने सकाळच्या शोच्या आधी अर्धा तास दिला, तेवढ्यात दोन सीन उजळ करावे लागतील हे कळलं. मग त्याच महिन्यात सगळ्या टीमला फिल्म दाखवली. फिल्म लोकांनी अर्धीच पाहिली असेल, बाकी वेळ "तो बघ मी, तो बघ मी" चाललं होतं, आणि क्रेडिट सुरू झाल्यावर मात्र सगळे गप्प वाचत बसले. एका नावाची वेलांटी चुकलेली सापडली, ती दुरुस्त करून फाइल परत काढली.

फेस्टिवलचे अर्ज सप्टेंबरपासून. लवकरच्या मुदतीत फी कमी असते आणि शेवटच्या मुदतीत बरीच वाढते, म्हणून तारखांचा तक्ता आधीच करा. काहींना प्रीमियर हवा असतो, म्हणजे त्याआधी फिल्म ऑनलाइन टाकलेली चालत नाही, टीममधल्या सगळ्यांना हे समजावून सांगावं लागतं कारण प्रत्येकाला आपला सीन मावशीला पाठवायचा असतो. अर्जासोबत पोस्टर, तीन-चार स्टिल, एक ओळीचा आणि एका परिच्छेदाचा सारांश लागतो. स्टिल शूटिंगच्या वेळीच वेगळ्या कॅमेऱ्याने काढून ठेवा, व्हिडिओतून काढलेली फ्रेम छापली की धूसर दिसते.

आत्तापर्यंत दोन नकार आलेत, दोन्ही छापील मजकुराचे, आणि एका ठिकाणाहून रिलीज फॉर्मच्या प्रती मागवल्यात, म्हणजे निदान कोणीतरी शेवटपर्यंत बघितली असावी. सगळे फॉर्म स्कॅन करून एका फोल्डरमध्ये नावाप्रमाणे लावलेले होते, अर्ध्या तासात पाठवले. ज्यांना आमच्या रिलीज फॉर्मचा आणि कॉलशीटचा नमुना हवा असेल त्यांनी सांगा, नावं काढून पाठवते. अर्धी बाटली लेटेक्स पण उरलंय पण ते उघडल्यावर फार टिकत नाही, तेव्हा ते मागू नका, नवीनच घ्या.